तारवाल्या बुआची संथा

अमृतराव घाटाला बनारसी माणूस राजा घाट म्हणतो. त्या घाटाच्या पायऱ्या चढून वर आलं की एक अरुंद गल्ली लागते. तिथं कुणालाही "कस्तुरी पाळंदे कुठं राहतात?" असं विचारलं तर तो डोकं खाजवील. पण "तारवाली बुआ" म्हटलं, की कोपऱ्यावरचा पानवाला पानाला चुना लावता लावता नुसत्या हनुवटीनं घर दाखवतो.

तारवाली बुआ, म्हणजे तारवाली आत्या, म्हणजेच कस्तुरीताई. वय अठ्ठावन्न, बांधा ठेंगणा, पदर कमरेला खोचलेला आणि खांद्यावर हिरव्या कॅनव्हासची पिशवी. पिशवीत स्क्रूड्रायव्हर, पक्कड, तार तपासायचं एक छोटं यंत्र, चिकटपट्टी आणि एका डब्यात भाजलेले चणे. चणे स्वतःसाठी नव्हेत. बनारसच्या छतांवरून तार ओढायची तर आधी बंदरांशी, म्हणजे माकडांशी, बोलणी करावी लागतात. पलीकडच्या कठड्यावर मूठभर चणे टाकले की ती मंडळी तिकडे गुंततात, आणि इकडे ताईंचं काम होतं.

विसाव्या वर्षी त्या टेलिफोन खात्यात ट्रंक ऑपरेटर म्हणून लागल्या. कानाला हेडफोन, समोर भोकाभोकांचा बोर्ड आणि डोक्यावर सुपरवायझर बाई. त्या बाईंचा एकच नियम होता. समोरच्यानं नंबर सांगितला की तो परत म्हणून दाखवायचा, त्यानं "हो" म्हटल्यावरच जोडायचा. हा नियम किती मोलाचा, ते ताईंना पहिल्याच महिन्यात कळलं. पुण्याकडचे यात्रेकरू नंबर सांगताना "एकोणसाठ" म्हणत, आणि बाकीच्या मुली बिनदिक्कत आधी एक आणि मग साठ लावून मोकळ्या होत. ताईंचा नंबर मात्र कधी चुकला नाही. पुढं सगळं आपोआप जोडलं जाऊ लागलं, बोर्ड गेला. तेव्हा ताईंनी प्रशिक्षण घेतलं आणि तारांच्या दुरुस्तीवर गेल्या. "लेडीज खंभे पे चढ़ेगी?" असं एका लाइनमननं विचारलं, तेव्हा त्या खांबावर पोचल्याही होत्या. वरून म्हणाल्या, "भैया, पक्कड पकड़ाओगे, कि उतर के खुद ले जाऊँ?"

खात्यानं स्वेच्छानिवृत्ती देऊ केली तेव्हा त्यांनी घेतली. त्यांचे यजमान विश्वेश्वर बँकेतून आधीच निवृत्त झाले होते. ते म्हणाले, "घरी बसून तू माझ्यातले फॉल्ट शोधणार. त्यापेक्षा लोकांच्या लायनीतले शोध." ताईंनी ते मनावर घेतलं. तेव्हापासून राजा घाट ते मुन्शी घाट एवढ्या पट्ट्यात कुणाच्या घरी इंटरनेटचा डबा बसवायचा असला, तर बोलावणं त्यांनाच येतं.

त्याच गल्लीत चार घरं सोडून वासुदेवशास्त्री राहत. वय अठ्ठ्याहत्तर. गुडघे गेल्यापासून ते तिसऱ्या मजल्यावरून खाली उतरले नव्हते. एके काळी त्यांच्याकडे ऋग्वेद शिकायला सहा-सहा विद्यार्थी असत. आता एकच उरला होता, शार्दूल. चार वर्षं त्यांच्या घरी राहून त्यानं ऋग्वेदाच्या आठ अष्टकांपैकी सात पाठ केली. आठवं चालू असताना त्याच्या वडिलांना अर्धांगवायू झाला आणि त्याला संगमेश्वरला परतावं लागलं. शेवटचे तीन अध्याय राहिले. शास्त्रीबुवांच्या हातून पुरा होणारा हा शेवटचा विद्यार्थी, हे त्यांनाही ठाऊक होतं आणि गल्लीलाही.

शार्दूल दिवसभर वडिलांची सेवा करी आणि संध्याकाळी साडेसहाला मोबाइलवर संथेला बसे. संथा म्हणजे गुरूनं एकदा म्हणायचं, शिष्यानं ते तसंच्या तसं दोनदा म्हणायचं, आणि गुरूनं कान देऊन ऐकायचं. पण त्या घराच्या भिंती चुनारच्या दगडाच्या, दोन-दोन हात जाड. मोबाइलची रेंज आत धड शिरत नसे; चार वाक्यं बोलण्यापुरती येई, संथेला टिकत नसे. मंत्राचा पहिला अर्धा पोचे, दुसरा अर्धा वाटेत राही.

एक दिवस शास्त्रीबुवांनी कस्तुरीताईंना बोलावून घेतलं. मार्गशीर्षातली चतुर्थी होती.

"कस्तुरी, तुटका स्वर शिकवण्यापेक्षा न शिकवलेला बरा. मी शार्दूलला सांगितलंय, एकादशीपर्यंत बघतो. तोवर जमलं नाही तर त्यानं दुसरा गुरू धरावा."

"संगमेश्वरात कुठला मिळतोय त्याला दुसरा?" त्यांच्या पत्नी प्रमोदिनीकाकू दारातूनच म्हणाल्या.

"म्हणून तर हिला बोलावलं."

ताईंनी भिंतीवर बोटांनी टकटक करून पाहिलं. मग जिन्याच्या कठड्यावरून खाली चौकात डोकावल्या.

"एकादशीला सात दिवस आहेत, काका. मला दोन पुरेत."

आणि दोनच लागले. पंचमीला कंपनीचा माणूस आला. त्यानं बाहेरची तार दारापर्यंत आणली, दाराशेजारच्या बैठकीत पहिला डबा बसवला आणि "माताजी, ऊपर हम नहीं चढ़ेंगे" म्हणून निघूनही गेला. ताईंना त्याची गरजही नव्हती. खालच्या डब्याच्या लहरी तीन मजले चढणार नाहीत हे त्यांनी आधीच धरलं होतं. त्यांनी घरचा एक जुना राउटर आणला होता. षष्ठीला सकाळी तो मांडीवर घेऊन त्या शास्त्रीबुवांसमोरच बसल्या आणि लॅपटॉपला जोडून त्यांनी आतली मांडणी बदलायला घेतली.

"हे काय करतेस?" शास्त्रीबुवांनी विचारलं.

"काका, राउटर घरातल्या प्रत्येक यंत्राला एकेक पत्ता देतो. खालचा एक डबा ते काम करतोय. हा दुसराही पत्ते वाटायला बसला तर एकाच घरात दोन यजमान होतील, पाहुण्यानं कुणाकडे जायचं? म्हणून ह्याचं पत्ते वाटणं काढून घेतलं. आणि ह्याचा स्वतःचा पत्ता खालच्यासारखाच होता, तोही बदलला. आता हा नुसता खालून आलेलं वर पसरवील."

"म्हणजे उपाध्याय एक, आणि हा पाणक्या."

"अगदी बरोबर!"

मग चणे टाकून झाले, आणि ताईंनी खालच्या डब्यापासून चौकातून वर तिसऱ्या मजल्यापर्यंत तार नेली. बंदरांचा हात पोचेल तिथं ती नळीतून घातली. वरचा राउटर शास्त्रीबुवांच्या बैठकीसमोरच्या कोनाड्यात बसवला. त्याच्यावर चार हिरवे दिवे लागले. संथेसाठी घेतलेल्या नव्या टॅबवर शार्दूलचा चेहरा असा स्वच्छ आला की काकू म्हणाल्या, "दाढी वाढलीय रे तुझी!"

"आवाज मात्र बारीक आहे," शास्त्रीबुवा म्हणाले.

ताईंनी काकूंना टॅबच्या कडेचं बटण दाखवलं. "कमी वाटला की हे दाबून वाढवायचा."

"वाढवायचा. बरं," काकू म्हणाल्या.

काकूंचं बोलणं जपून असे. घरातलं मीठ संपलं तर त्या "मीठ संपलं" म्हणत नसत, "मीठ उदंड झालं" म्हणत. नव्या माणसाला वाटे, हिच्याकडे मिठाची रास आहे. गल्लीला सवय होती.

त्याच संध्याकाळी पावणेसातला ताई घरी मेथी निवडत होत्या. फोन वाजला, काकूंचा. नेमक्या तेव्हाच घाटाकडून आरतीच्या घंटा सुरू झाल्या. त्या गदारोळातून काकूंचं आधीचं काही ऐकू आलं नाही, शेवटचं तेवढं आलं.

"...वाढवू ना गं?"

"वाढवा ना काकू, खुशाल वाढवा!" ताई मोठ्यानं म्हणाल्या. "रोज विचारायचंसुद्धा नाही. वाटलं की वाढवायचं!"

सात वाजता दुसरा फोन आला. शास्त्रीबुवांचा.

"कस्तुरी, शार्दूल गेला."

ताईंच्या हातून मेथीची जुडी पडली. "अगोबाई! कसा?"

"अगं, लायनीतून गेला. बोलता बोलता गोठला आणि गेला."

"काका, मणिकर्णिकेच्या गावात राहून असं बोलू नये माणसानं!"

दुसऱ्या दिवशी सप्तमी. ताई दहा वाजता पिशवी घेऊन हजर. बघतात तो सगळं ठाकठीक. खालच्या डब्याचे दिवे लागलेले, वरच्याचे लागलेले. तार यंत्रावर तपासली, आतल्या आठही धाग्यांनी ओळीनं दिवे लावून दाखवले. ताईंनी टॅबवर अर्धा तास काशीतल्या काशीत आपल्या यजमानांशी गप्पा मारून पाहिल्या, एकदाही तुटलं नाही. संध्याकाळी साडेसहाला संथा बसली आणि सातला शार्दूल पुन्हा गेला.

अष्टमीला वेदाध्ययनाची सुट्टी, अनध्याय. संथा नव्हती. ताईंनी तो दिवस सत्कारणी लावला. तारेची दोन्ही टोकं कापून नवी बसवली. दोन डबे पत्त्यांवरून भांडत नाहीत ना, ते पुन्हा पाहिलं. वर कठड्याजवळ नळीला एका ठिकाणी दातांच्या खुणा होत्या, तिथं लोखंडी पत्रा गुंडाळला. खाली उतरून म्हणाल्या, "आता हत्ती आला तरी तुटणार नाही."

घरी विश्वेश्वर म्हणाले, "तुझ्या लायनीला सातची साडेसाती आहे. शनीला तेल वाहा."

"शनी आठवड्यातून एकदा येतो. हा रोज येतो. आणि रोज येणारा कधीतरी सापडतो."

नवमीला त्या फोन हातात धरून घरीच बसल्या. सातला फोन वाजताच त्यांनी विचारलं, "काका, कोनाड्यातल्या डब्यावर दिवे लागलेत?"

"सगळे लागलेत."

"सगळे म्हणजे किती? मोजून सांगा."

शास्त्रीबुवा एकेक मोजू लागले. "तीन."

"तीन. बसवला तेव्हा चार होते. चौथा कुठला नाही, डावीकडून सांगा."

"डावीकडून तिसरा विझलाय."

"तिसरा विझलाय," ताईंनी परत म्हणून घेतलं. तिसरा दिवा खालून येणाऱ्या तारेचा. म्हणजे वरचं सगळं ठीक, बाहेरचं ठीक, बिघाड खाली बैठकीत आणि तोही सातच्या सुमारास.

"कस्तुरी," शास्त्रीबुवांचा आवाज उतरला होता, "परवा एकादशी. आज त्याला एक ऋचा तीनदा पहिल्यापासून द्यावी लागली, आणि तिसऱ्यांदा तो अर्ध्यावरच राहिला. अर्धी त्याच्याकडे, अर्धी माझ्याकडे. असलं देणं मला नको. पोरगं काही बोलत नाही, पण उगाच त्याला का बांधून ठेवायचं?"

"उद्याचा दिवस माझा आहे ना, काका?"

"आहे."

"मग परवाचं परवा."

फोन ठेवून त्या यजमानांना म्हणाल्या, "बंदराला घड्याळ कळत नाही. सातला येतं ते माणूस आहे."

दशमीला सहाच्या सुमारास त्या शास्त्रीबुवांच्या घरी गेल्या, पण वर चढल्या नाहीत. खालच्या बैठकीत डब्यासमोर वेताचा मोडा ओढून बसल्या. काकूंना नवल वाटलं.

"वर ये की. गार आहे इथं."

"बसते जरा. तुमचं चालू द्या."

काकूंचं चालूच होतं. तिन्हीसांजेला लावलेला तुळशीपुढचा दिवा चौकात तेवत होता. उंबऱ्यावर शेजारीण येऊन भोजपुरीत सुनेची गाऱ्हाणी सांगून गेली. साडेसहाला वर संथा सुरू झाली. आधी शास्त्रीबुवांचा खर्जातला आवाज एकदा, मग टॅबमधून शार्दूलचा कोवळा, दोनदा. चौकाच्या दगडांत तो असा घुमत होता की शार्दूल कोकणात नसून जिन्यात बसला आहे असं वाटावं. डब्यावरचे हिरवे दिवे त्या आवाजाबरोबर लुकलुकत होते.

सातला पाच कमी असताना काकूंनी दाराला कडी घातली. दारावरचा बल्ब मालवला. मग चौकातला. मग बैठकीत आल्या. डब्यासमोर उभ्या राहून त्यांनी हात जोडले, पुटपुटल्या, "शांत व्हा, सकाळी या," आणि डब्याच्या बटणाकडे बोट नेलं.

"काकू!" ताई मोड्यावरून उडाल्या आणि त्यांनी काकूंचा हात वरच्या वर धरला. "हे काय करताय?"

"काय म्हणजे? वाढवतेय."

"काय वाढवताय?"

"दिवे गं. रिकाम्या खोलीत जळते दिवे ठेवून वर जाऊ होय? रोज वाढवते. सकाळी देवापुढं लावला की हेही लावते. आणि तुलाच तर विचारलं होतं फोनवर! म्हटलं, मी आता वर निघाले, वर तो दुसरा डबा आहेच, खालचा वाढवू ना गं? तर तू म्हणालीस, खुशाल वाढवा, रोज विचारूसुद्धा नका."

ताईंनी काकूंचा हात सोडला. दिवा विझवणं म्हणायचं नाही, बंद करणं म्हणायचं नाही, दिवा वाढवायचा. हे त्यांच्या आईच्या तोंडी होतं, आजीच्या तोंडी होतं. इतकंच काय, कोपऱ्यावरचा पानवालाही दुकान मिटताना "दुकान बढ़ा रहे हैं" म्हणतो. आणि त्यांनी घंटांच्या गोंगाटात एक शब्द ऐकून आवाजाचं बटण समजून घेतलं होतं. टेलिफोन खात्यात इतकी वर्षं ऐकलेलं परत म्हटल्याशिवाय एक तार जोडली नव्हती. एवढं एकदाच परत म्हटलं नाही, आणि चार दिवस तारेच्या नळीला पत्रे ठोकत बसल्या.

त्यांना हसू आलं. ते तोंडावर पदर धरून त्यांनी दाबलं, कारण वर संथा चालू होती.

काकूंना मात्र हसू आलं नाही. त्यांनी एकदा डब्याकडे पाहिलं, एकदा वर जाणाऱ्या तारेकडे.

"म्हणजे वरचा डबा ह्याच्या जिवावर चालतो?"

"हो."

"म्हणजे रोज शार्दूलची संथा मीच..." त्या मोड्यावर बसल्या. "आणि हे उद्या त्याला दुसरा गुरू धर म्हणणार होते. कस्तुरी, मी गं!"

"तुम्ही नाही, काकू. तुम्ही विचारलंत. चूक लायनीवर बसलेल्या बाईची. तिनं परत म्हणून दाखवलं नाही." ताईंनी त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला. "आणि ऐका तरी. किती वाजले?"

भिंतीवरच्या घड्याळात सात वाजून चार मिनिटं झाली होती. वर शास्त्रीबुवांनी ऋचा दिली. एक क्षण शांत गेला. मग शार्दूलचा आवाज आला, एकदा, आणि लगेच दुसऱ्यांदा, शेवटपर्यंत. शास्त्रीबुवांनी पुढची दिली.

काकूंनी डोळे पुसले. पण त्यांची अडचण संपली नव्हती. "ते सगळं खरं, पण रिकाम्या खोलीत दिवा जळत ठेवायचा हे माझ्यानं होणार नाही गं. जीव लागणार नाही माझा वर."

बटणाला चिकटपट्टी लावून टाकावी, असं ताईंच्या मनात आलं. पण चिकटपट्टी काकू दुसऱ्या दिवशी सोडवतील, हेही लगेच कळलं.

"काकू, तुमच्या माहेरी नंदादीप होता ना?"

"होता की. गाभाऱ्यात. रात्रंदिवस."

"तो कुणी वाढवायचा?"

"काहीतरीच काय! नंदादीप कधी वाढवतात? तो अखंड..." काकू थांबल्या. डब्याकडे पाहून म्हणाल्या, "असं होय!"

त्या उठल्या आणि अंधारातच देवघराकडे गेल्या. कुंकवाची कोयरी घेऊन आल्या.

"डब्याच्या माथ्यावर लावा," ताई म्हणाल्या, "भोकांत नको जायला. आणि तेल घालू नका हो."

"एवढी वेडी नाहीये मी."

"बरं, आता मी एकदा सांगते, तुम्ही दोनदा म्हणा."

"मला संथा देतेस? तू?"

"मीच. म्हणा. खालचा डबा नंदादीप, तो वाढवायचा नाही."

"खालचा डबा नंदादीप, तो वाढवायचा नाही," काकूंनी म्हटलं. मग हसत, जरा सुरावर, पुन्हा म्हटलं.

वरून गडगडाट झाला. "खाली कुणाची संथा चालली आहे? इथं शार्दूल चुकतोय!"

काकूंनी कोयरीत बोट बुडवलं आणि डब्याच्या माथ्यावर कुंकू लावलं.

संथा सव्वाआठला आटोपली. ताई वर गेल्या तेव्हा शास्त्रीबुवा टॅबसमोर हात मांडीवर ठेवून बसले होते. पडद्यावर शार्दूल अजून होता.

"पूर्ण वर्ग झाला, एकही ऋचा तुटली नाही," शास्त्रीबुवा म्हणाले. "काय बिघाड होता गं?"

ताईंनी मागं पाहिलं. काकू दारात उभ्या होत्या, हाताला कुंकू लागलेलं.

"भाषेचा होता, काका. काढला."

"परत येणार नाही ना?"

"येणार नाही."

शास्त्रीबुवांनी मान डोलावली. ते टॅबकडे वळले. "शार्दूल, उद्या साडेसहाला. एकादशी आहे, फराळ आधी आटपून घे. आणि मी त्या दुसऱ्या गुरूचं म्हणालो होतो, ते राहू दे."

"मी शोधलाच नव्हता, गुरुजी," शार्दूल म्हणाला.

ताई घरी निघाल्या. गल्लीच्या कोपऱ्यावर पानवाला डबे आवरत होता. त्याच्या घरी लग्न होतं, आज तो लवकर निघाला होता.

"बुआ, दुकान बढ़ा रहे हैं. आपका पान लगा दें पहले?"

ताई थांबल्या. "बढ़ा रहे हो. माने, बंद कर रहे हो ना?"

पानवाल्यानं चुन्याची काडी हवेतच धरली आणि त्यांच्याकडे नीट पाहिलं.

"और क्या, बुआ? तबीयत तो ठीक है?"

"एकदम ठीक," ताई म्हणाल्या. "लगाओ. एक पान. सादा."

"एक पान, सादा," पानवाला म्हणाला.